मुंबईत आकड्यांचं काम शोधताना: बाहेरगावाहून आलेल्यांसाठी पायरीपायरीने

संख्याशास्त्र, गणित, अर्थशास्त्र किंवा इंजिनिअरिंगची पदवी घेऊन कोल्हापूर, नांदेड, जळगावहून मुंबईत येणारी मुलंमुली पहिल्या आठवड्यात बहुधा एकच गोष्ट करतात. नोकरीच्या साइटवर ‘डेटा ॲनालिस्ट’ टाइप करायचं आणि दिसेल तिथे अर्ज टाकायचा. महिनाभरात दीडशे-दोनशे अर्ज जातात, फोन दोन येतात, त्यातला एक पैसे मागणाऱ्याचा असतो. मग वाटायला लागतं की आपल्या कॉलेजचं नाव छोटं आहे, इंग्रजी कच्चं आहे, मुंबई आपल्यासाठी नाही.

खरं कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं. मुंबईत आकड्यांचं काम एकाच बाजारात मिळत नाही. त्याच्या वेगवेगळ्या गल्ल्या आहेत, प्रत्येक गल्लीची भाषा वेगळी, परीक्षा वेगळी. सगळीकडे चालेल असा रेझ्युमे कुठेच उचलला जात नाही. म्हणून आधी गल्ली ठरवा. तयारी, प्रकल्प, रेझ्युमे हे सगळं त्यानंतर.

## १. गल्ली ठरवा

क्रेडिट रिस्क. संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.वाल्यांसाठी मुंबईतला सर्वांत रुंद दरवाजा हाच. बँका, एनबीएफसी (बँक नसलेल्या, कर्ज देणाऱ्या वित्तकंपन्या), सल्लागार कंपन्या, परदेशी बँकांची इथली केंद्रं आणि कर्जदारांच्या परतफेडीची नोंद ठेवणारे चार क्रेडिट ब्युरो (ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क) या सगळ्यांना कर्ज बुडण्याची शक्यता मोजणारी माणसं लागतात. रोजच्या बोलण्यातले शब्द हे: पीडी (कर्ज बुडण्याची शक्यता), एलजीडी (बुडालं तर त्यातलं किती टक्के जाईल), ईएडी (बुडताना येणं किती असेल), स्कोअरकार्ड (ग्राहकाला गुण देणारं मॉडेल), लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही उत्तराची शक्यता काढण्याची पद्धत), डब्ल्यूओई आणि आयव्ही (कोणती माहिती किती उपयोगी ते मोजणारे), गिनी आणि केएस (मॉडेल चांगले-वाईट ग्राहक किती वेगळे करतं ते मोजणारे), पीएसआय. पाठ्यपुस्तकात लॉजिस्टिक रिग्रेशन असतं, पीएसआय नसतो. पण मुलाखतीत तोच विचारतात: मॉडेल बनवलं तेव्हाचे ग्राहक आणि आज येणारे ग्राहक यांच्यात फरक किती पडला? पीएसआय ०.१ च्या खाली असेल तर ठीक, ०.२५ च्या वर गेला तर मॉडेल पुन्हा तपासायला घ्यायचं, हा कामावरचा ढोबळ नियम पाठ असू द्या. याच गल्लीत मॉडेल व्हॅलिडेशनची टीम असते. दुसऱ्याने बनवलेलं मॉडेल तपासायचं आणि त्यावर लिहायचं. ज्यांचं कोडिंग साधारण पण संख्याशास्त्र पक्कं आहे, त्यांनी हा दरवाजा आधी ठोठावावा.

मार्केट रिस्क. रोखे, शेअर, चलन यांचे भाव हलले तर किती नुकसान होईल, याचा हिशेब. व्हॅल्यू ॲट रिस्क (ठरावीक खात्रीने, ज्याच्या पलीकडे तोटा जाणार नाही असा आकडा), ड्युरेशन (व्याजदर हलला की रोख्याचा भाव किती हलतो), ग्रीक्स (ऑप्शनचा भाव कशाने किती हलतो) हे इथले शब्द. रोख्याचं मॉडिफाइड ड्युरेशन ५ असेल आणि व्याजदर २५ बेसिस पॉइंट (०.२५ टक्के) वाढला, तर भाव साधारण १.२५ टक्के पडतो. हे कागदपेन न घेता सांगता आलं पाहिजे.

ॲक्चुअरी. विमा कंपन्यांमध्ये जोखीम आणि हप्ते यांचा हिशेब मांडण्याचं काम. इथे बाहेरून उडी मारता येत नाही. इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडियाची एसीईटी ही प्रवेश परीक्षा आधी द्यायची, मग सीएस१, सीएम१ असे पेपर एकेक करून सोडवायचे. कंपन्या पदवीपेक्षा सुटलेल्या पेपरांची संख्या पाहतात. एकही पेपर हातात नसताना या जागांवर अर्ज करणं म्हणजे वेळ घालवणं.

ट्रेडिंग. जागा अगदी थोड्या, स्पर्धा सर्वांत तीव्र, आणि मोठा हिस्सा आयआयटीसारख्या कॅम्पसवरच भरला जातो. संभाव्यता, तोंडी हिशेब आणि सी प्लस प्लस यांवर पकड असेल तर जरूर प्रयत्न करा, पण सगळी शोधाशोध याच एका खुंटीला टांगू नका.

बिझनेस ॲनालिटिक्स. रिटेल, औषध कंपन्या, मीडिया, टेलिकॉम. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा), एक्सेल आणि पॉवर बीआय (आकड्यांचे तक्ते-आलेख बनवणारं सॉफ्टवेअर). जागा भरपूर, अर्जही भरपूर. इंजिनिअरिंगवाल्यांना सुरुवात करायला बरी.

याशिवाय रिझर्व्ह बँकेच्या सांख्यिकी विभागाची म्हणजे डीएसआयएमची ग्रेड बी (अधिकारी पदाची) भरती असते. ती स्पर्धा परीक्षा आहे आणि तिची तयारी खासगी मुलाखतींपेक्षा वेगळी. संख्याशास्त्राची पदव्युत्तर पदवी असेल तर जाहिरातीवर लक्ष ठेवा, मात्र निकालाच्या भरवशावर बाकीचं थांबवू नका.

दोन गल्ल्या निवडा: एक मुख्य, एक जोडीची. क्रेडिट रिस्क आणि बिझनेस ॲनालिटिक्स ही जोडी जमते, कारण दोन्हीकडे एसक्यूएल लागतं. ॲक्चुअरी आणि ट्रेडिंग एकत्र जमत नाही.

## २. गाव सोडण्याआधी कागद जमवा

मुंबईत आल्यावर एका कागदासाठी विद्यापीठात परत जायचं म्हणजे रजा, तिकीट आणि दोन दिवस. निघण्यापूर्वी ही फाइल पूर्ण करा:

- दहावी, बारावी आणि पदवीच्या प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका. एटीकेटी लागली असेल तर ती आणि नंतर सुटलेली, दोन्ही.
- पदवी प्रमाणपत्र, ते मिळालं नसेल तर प्रोव्हिजनल.
- सीजीपीएचे टक्के कसे काढायचे, याचं विद्यापीठाचं पत्र किंवा परिपत्रक. परदेशी बँकांच्या फॉर्ममध्ये टक्केच मागतात. स्वतः साडेनऊने गुणून टाकलेला आकडा पडताळणीत अडकू शकतो.
- आधार, पॅन, पासपोर्ट असल्यास तो, बँकेचा रद्द केलेला चेक.
- आधी नोकरी केली असेल तर ऑफर लेटर, रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ (कापलेल्या कराचं प्रमाणपत्र) आणि यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक).
- सगळ्याची स्पष्ट पीडीएफ, फाइलच्या नावात कागदाचं नाव. मोबाइलने काढलेले वाकडे फोटो चालत नाहीत.

सर्वांत जास्त त्रास नावाचा होतो. गुणपत्रिकेवर ‘पाटील राहुल सुरेश’, आधारवर ‘राहुल सुरेश पाटील’, पॅनवर नुसतं ‘राहुल पाटील’. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत तर आडनावच वेगळं. नोकरी लागल्यावर पीएफचं खातं आधारवरून उघडतं, पगारातून कापलेला कर (टीडीएस) पॅनवर जातो, शिक्षणाची पडताळणी गुणपत्रिकेवरून होते. तिन्ही जुळेनात तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली जाते. आधार आणि पॅन एकसारखे करून घ्या. गुणपत्रिकेवरच्या आडनाव-आधी क्रमासाठी ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

## ३. मुक्कामाची घाई नको

आल्या आल्या अकरा महिन्यांचा करार करून, अनामत आणि दलाली भरून बसू नका. नोकरी कुठे लागेल ते माहीत नसताना घेतलेली खोली रोजचे तीन तास खाते.

आकड्यांची ऑफिसं कुठे आहेत ते पाहा. बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) नॅशनल स्टॉक एक्सचेंज, सेबी आणि बऱ्याच बँका. फोर्ट-नरिमन पॉइंटला रिझर्व्ह बँक आणि जुन्या संस्था. लोअर परळ, अंधेरी पूर्व, पवई, गोरेगाव, मालाड इथे परदेशी बँका आणि ॲनालिटिक्स कंपन्या. खाडीपलीकडे ऐरोली आणि घणसोली. मुलाखती या सगळ्या ठिकाणी होणार, म्हणून पहिले दोन-तीन महिने अशा जागी राहा जिथून दोन-तीन मार्ग फुटतात. घाटकोपरला मध्य रेल्वे आहे आणि मेट्रो १ आहे. मरोळ नाक्याला उतरलं की मेट्रो ३ ने थेट बीकेसी. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली. मित्राच्या खोलीवर किंवा महिन्याच्या बोलीवर पेइंग गेस्ट म्हणून राहणं या काळात शहाणपणाचं.

नोकरी पक्की झाली की घर घ्या, आणि तेव्हा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. हाच करार पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून लागतो. पडताळणीसाठी माणूस घरी येतो. पेइंग गेस्ट असाल तर मालकिणबाईंना आधी सांगून ठेवा. ‘असं कोणी इथे राहत नाही’ एवढं एक उत्तर अहवालात लाल शेरा आणतं.

## ४. एकच प्रकल्प करा, पण खणून करा

टायटॅनिकच्या प्रवाशांचा डेटा आणि आयरिसची फुलं हे सरावाचे डेटासंच मुलाखत घेणाऱ्याने शेकडो वेळा पाहिलेले असतात. जर्मन क्रेडिटचा हजार ओळींचा डेटासुद्धा आता तसाच झाला आहे. सात अर्धवट प्रकल्पांपेक्षा एक असा हवा, ज्यावर तुम्ही अर्धा तास प्रश्न झेलू शकाल.

मार्केट रिस्कसाठी उदाहरण घेऊ. पाच शेअरांचा १ लाखाचा पोर्टफोलिओ, चार-पाच वर्षांचे रोजचे बंद भाव. एक्सचेंजच्या भावकॉपी (रोजच्या भावांच्या फाइली) मोफत मिळतात. रोजचा परतावा काढा. मागचे २५० दिवस घेऊन ९९ टक्के व्हॅल्यू ॲट रिस्क काढा. २५० चा एक टक्का म्हणजे अडीच. मग दुसरा सर्वांत वाईट दिवस घ्यायचा, तिसरा, की दोघांमधला आकडा? कोणताही घ्या, पण का घेतला ते लिहा. पुढच्या २५० दिवसांत तोटा त्या आकड्याच्या बाहेर किती वेळा गेला ते मोजा (ही बॅकटेस्ट, आणि अशी प्रत्येक वेळ म्हणजे एक अपवाद). बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय बाझल नियमात चारपर्यंत हिरवा पट्टा, पाच ते नऊ पिवळा, दहा आणि वर लाल.

इथवर कोणीही येतं. खरी परीक्षा पुढे आहे.

भावकॉपीतले भाव बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे तुकडे) यांसाठी सुधारलेले नसतात. एकास एक बोनस दिलेल्या शेअरचा भाव त्या दिवशी निम्मा दिसतो, तुमच्या शीटमध्ये उणे ५० टक्के परतावा येतो आणि तो दिवस अडीचशे दिवस तुमचा सर्वांत वाईट दिवस बनून बसतो. त्या दिवशी कोणाचा रुपयाही बुडालेला नसतो. लक्ष्मीपूजनाचं मुहूर्ताचं तासाभराचं सत्र डेटात पूर्ण दिवसासारखं दिसतं. ते ठेवायचं की गाळायचं? ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी जवळपास ६ टक्के पडला. तुमच्या २५० दिवसांच्या खिडकीत तो दिवस आहे तोवर आकडा मोठा राहतो आणि २५० दिवसांनी तो खिडकीबाहेर पडला की बाजारात काहीही न घडता जोखीम अचानक कमी झाल्यासारखी दिसते. आणि आजच्या निफ्टीतले शेअर निवडून पाच वर्षं मागे गेलात तर मधल्या काळात निर्देशांकातून हाकलले गेलेले शेअर आपोआप गळतात आणि निकाल खोटाच गोड येतो.

हे चार मुद्दे तुमच्या अहवालात तुमच्या आकड्यांसह असले, तर समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून ऐकतो. कारण त्याची टीम रोज हेच करते.

बिझनेस ॲनालिटिक्ससाठी सरकारच्या घरगुती खर्च पाहणीचा किंवा रोजगार पाहणीचा घरटी डेटा घ्या, तोही मोफत आहे. त्यात एकच मोठा सापळा आहे, वजनांचा. प्रत्येक ओळ किती घरांचं प्रतिनिधित्व करते ते मल्टिप्लायरच्या रकान्यात दिलेलं असतं. ते न लावता साधी सरासरी काढली तर उत्तर चुकतं, आणि किती चुकतं ते दाखवणं हाच तुमचा प्रकल्प होऊ शकतो.

अहवाल चार पानांचा. पहिल्या पानावर निकाल, शेवटच्या पानावर मर्यादा. कोड वेगळा, नीट नावं दिलेला.

## ५. रेझ्युमे आणि प्रोफाइल

एक पान. दोन रकान्यांचे, रंगीत पट्ट्यांचे, कौशल्यांना चांदण्या देणारे साचे वापरू नका. सॉफ्टवेअर ते वाचताना ओळी एकमेकींत मिसळतं. पीडीएफ उघडून मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवून पाहा. तिथे खिचडी झाली तर सॉफ्टवेअरलाही खिचडीच दिसते.

एचआरमधली व्यक्ती शब्द टाकून शोधते. ‘क्रेडिट रिस्क’, ‘लॉजिस्टिक रिग्रेशन’, ‘एसक्यूएल’, ‘स्कोअरकार्ड’ हे शब्द तुमच्या वाक्यांत असतील तरच तुम्ही यादीत येता. पण शब्दांची नुसती माळ नको. ‘पायथन येते’ यापेक्षा ‘पायथनमध्ये १,२०० दिवसांच्या भावांवर व्हॅल्यू ॲट रिस्क काढून बॅकटेस्ट केली, २५० दिवसांत ६ अपवाद, कारणं नोंदवली’ हे कितीतरी वजनदार. आकडे मात्र तुमच्या कामातले असावेत. जे केलं नाही ते एक ओळही लिहू नका, प्रश्न नेमका त्याच ओळीवर येतो.

नोकरीच्या साइटवर दोन बारकाव्यांचा उपयोग होतो. प्रोफाइल दर तीन-चार दिवसांनी थोडं अद्ययावत केलं की ते शोधात वर येतं. आणि नोटिस पीरियडच्या रकान्यात, तुम्ही मोकळे असाल तर, ‘लगेच’ निवडा. मुंबईतल्या अनुभवी लोकांचा नोटिस पीरियड बहुतेक ठिकाणी ६० ते ९० दिवसांचा असतो, आणि ज्या टीमला माणूस पुढच्या आठवड्यात हवा आहे तिच्यासाठी नवखेपणापेक्षा तुमची उपलब्धता मोठी ठरते. राहण्याचं ठिकाण मुंबई असंच टाका. गावाचं नाव राहिलं तर शहराच्या चाळणीत तुम्ही गळता.

## ६. ओळखीतून जाणं म्हणजे वशिला नव्हे

कंपन्यांमध्ये रेफरलची रीतसर पद्धत आहे. सुचवलेला माणूस लागला तर सुचवणाऱ्याला बऱ्याचदा बक्षीसही मिळतं. त्यामुळे विचारायला लाजू नका, फक्त नीट विचारा. आपल्या विद्यापीठातून पाच-सात वर्षांपूर्वी बाहेर पडलेले लोक लिंक्डइनवर शोधा. ‘सर, कुठे जागा असेल तर सांगा’ या निरोपाला उत्तर येत नाही, कारण त्यात समोरच्याने करण्याजोगं काहीच नसतं. तीन ओळी पुरतात: मी अमुक विभागातून अमुक साली एम.एस्सी. केलं. तुमच्या कंपनीत या क्रमांकाची जागा निघाली आहे, माझं काम तिच्याशी असं जुळतं. रेझ्युमे जोडला आहे, योग्य वाटलं तर पुढे पाठवाल का? जागेचा क्रमांक दिला की त्यांचं काम दोन मिनिटांचं होतं.

आठवड्याला पाच निरोप, दहा अर्ज. एका वहीत किंवा शीटमध्ये तारीख, कंपनी, जागा, कोणाला लिहिलं, काय झालं. पंधरा दिवस काहीच हललं नाही तर आणखी अर्ज करण्याआधी रेझ्युमे बदला.

## ७. चाचणी आणि मुलाखत

एसक्यूएल. नापास होणारे बहुतेक याच पायरीवर होतात, आणि वाक्यरचना न आल्याने क्वचितच. चूक होते ती जोडणीत. तीन कर्जं आहेत: १ लाख, २ लाख, ३ लाख. दुसऱ्या तक्त्यात हप्ते आहेत. पहिल्या दोन कर्जांचा एकेक हप्ता आला, तिसऱ्याचे दोन. दोन्ही तक्ते जोडून कर्जाची बेरीज केली की ६ लाखांऐवजी ९ लाख येतात, कारण तिसरं कर्ज दोनदा मोजलं गेलं. आधी हप्त्यांची कर्जनिहाय बेरीज करा, मग जोडा. जोडणीच्या आधी आणि नंतर ओळी मोजायची सवय लावा आणि मुलाखतीत ती मोजताना दिसू द्या. दुसरा सापळा: लेफ्ट जॉइन करून उजव्या तक्त्यावरची अट व्हेअरमध्ये टाकली की तो गुपचूप इनर जॉइन होतो, न जुळलेल्या ओळी गळतात. तिसरा: नॉट इनच्या यादीत एक जरी नल (रिकामी किंमत) असला तरी उत्तर रिकामं येतं. रो नंबर (ओळींना क्रमांक देणं) आणि लॅग (आधीच्या ओळीतली किंमत आणणं) हातात बसेपर्यंत घोटा.

संभाव्यता. ठरलेला प्रश्न: नाणं उडवत राहिलो तर लागोपाठ दोन छापे यायला सरासरी किती फेका लागतात? सहा. आणि छापा-काटा असा क्रम यायला? चार. उत्तर पाठ असून चालत नाही, फरक का ते विचारतात. एक छापा आल्यावर काटा हवा असताना पुन्हा छापा पडला तर तुम्ही आहात तिथेच राहता. दोन छापे हवे असताना काटा पडला तर थेट सुरुवातीला फेकले जाता.

धंद्याचा प्रश्न. बोलत बोलत सोडवायचा. १,००० कर्जं, त्यांतली २ टक्के बुडतात. मॉडेल बुडणाऱ्यांपैकी ८० टक्के पकडतं, पण चांगल्यांपैकी १० टक्क्यांवरही संशय घेतं. ज्यावर संशय घेतला ते कर्ज खरंच बुडण्याची शक्यता किती? बुडणारी २०, पकडली १६. चांगली ९८०, विनाकारण अडवली ९८. एकूण संशयित ११४, त्यांतली खरी १६, म्हणजे १४ टक्के. सूत्र लिहीत बसण्यापेक्षा असं हजारावर मांडलं की चूक होत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग हे मॉडेल निरुपयोगी का? नाही. मॉडेल नसताना शंभरात दोन सापडले असते, आता चौदा सापडतात. आणि ‘कोणीच बुडणार नाही’ म्हणणारं आंधळं मॉडेल ९८ टक्के अचूक ठरतं, म्हणून नुसती अचूकता सांगणाऱ्याला इथे कोणी उभं करत नाही.

आकडा बोलता येणं. परदेशी बँकांच्या केंद्रांत लाख-कोटी चालत नाही. १० लाख म्हणजे १ मिलियन, १०० कोटी म्हणजे १ बिलियन. १ बेसिस पॉइंट म्हणजे ०.०१ टक्का. ५०० कोटींच्या कर्जांवर तोटा १० बेसिस पॉइंट वाढला तर ५० लाख. असे हिशेब लोकलमध्ये उभ्या उभ्या करत राहा.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना इंग्रजीचा धसका असतो. या मुलाखतींत अलंकारिक इंग्रजी कोणी मागत नाही. सोपी, छोटी, पूर्ण वाक्यं लागतात. आपला प्रकल्प पाच मिनिटांत इंग्रजीत सांगताना मोबाइलवर रेकॉर्ड करा, ऐका, पुन्हा करा. पंधरा वेळा केल्यावर जीभ वळते. न येणाऱ्या प्रश्नाला ‘हे मला माहीत नाही, पण मी असा विचार करेन’ हे उत्तर थापेपेक्षा कधीही बरं.

## ८. ऑफर हातात आली की

सीटीसीचा (कंपनीला वर्षभरात तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा) आकडा म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. ८ लाखांची ऑफर उलगडून पाहू. मूळ वेतन निम्मं, ४ लाख. कंपनीचा पीएफचा हिस्सा १२ टक्के, ४८,०००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, १९,२४०. कामगिरीवर मिळणारा भाग १० टक्के, ८०,०००, तो वर्षाअखेरीस, मिळाला तर. उरले ६,५२,७६०. त्यातून तुमचा पीएफ ४८,००० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २,५०० (दरमहा २००, फेब्रुवारीत ३००) गेले की ६,०२,२६०. बाराने भागा: महिना सुमारे ५०,२००. आठ लाखांना बाराने भागून ६६,००० च्या हिशेबाने घर घेतलंत तर तिसऱ्या महिन्यात ओढाताण सुरू होते. काही कंपन्या पीएफ महिना १५,००० च्या मर्यादेवर म्हणजे महिना १,८०० रुपयेच कापतात, मग हातात जास्त येतात. आयकराची चिंता या पातळीवर नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर लागत नाही.

सही करण्यापूर्वी लेखी विचारा:

- पगार कोण देणार? मोठ्या बँकेच्या ऑफिसात बसून काम, पण नोकरी पुरवठादार कंपनीची, असा प्रकार सर्रास आहे. त्यात वाईट काही नाही, अनुभव खराच मिळतो. पण रेझ्युमेवर मालक म्हणून पुरवठादाराचंच नाव लिहावं लागतं.
- कामाची वेळ. अमेरिकेच्या टीमबरोबर काम असेल तर दुपारी सुरू होऊन रात्री दहा-अकराला सुटतं. घरापर्यंतची शेवटची लोकल आणि कंपनीची गाडी, दोन्हींची चौकशी करा.
- नोटिस पीरियड, प्रोबेशन आणि बॉन्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची हमी). बॉन्डची रक्कम आणि मुदत कागदावर पाहा. मूळ प्रमाणपत्रं कोणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवायची, पडताळू द्यायची, परत घ्यायची.

## ९. फसवणारे दरवाजे

नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा प्रत्येक जण, मग तो नोंदणी फी म्हणो, लॅपटॉपची अनामत म्हणो, की पडताळणीचा खर्च, टाळायचा. अपवाद नाही. ई-मेलचा पत्ता कंपनीच्या डोमेनचा आहे का ते अक्षर-अक्षर पाहा आणि जागा कंपनीच्या स्वतःच्या साइटवर शोधा.

‘आमच्या डेस्कवर ट्रेडर व्हा, आधी अमुक रक्कम भरा’ अशा जाहिरातींत तुम्ही कर्मचारी नसता, ग्राहक असता.

शंभर टक्के प्लेसमेंटची हमी देणारे महागडे कोर्स घेण्याआधी एवढंच विचारा: मागच्या तुकडीतल्या पाच जणांशी मला बोलता येईल का? टाळाटाळ झाली तर उठा. एसक्यूएल, पायथन आणि संख्याशास्त्र शिकायला लाखभर रुपये लागत नाहीत.

आणि खोटा अनुभव. दोन वर्षांचं अनुभवपत्र बनवून देणारे शहरात सापडतात. यूएएनच्या नोंदीत कोणत्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होतात ते दिसतं, फॉर्म २६एएसमध्ये टीडीएस कोणी कापला ते दिसतं. बनावट कागद रुजू झाल्यावर सहा महिन्यांनीही उघडा पडतो, आणि मग नोकरी तर जातेच, त्या गल्लीत तुमचं नावही खराब होतं. रिकामी वर्षं असतील तर ती रिकामीच सांगा. परीक्षांची तयारी, घरातलं आजारपण, काही असो, खरं कारण दोन वाक्यांत पुरतं.

## १०. रुजू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत

यूएएन पूर्वी असेल तर नवीन काढू देऊ नका, जुनाच द्या. दोन यूएएन झाले की पुढच्या नोकरीत पीएफ हलवताना महिने जातात. पहिला पगार झाल्यावर पुढच्या महिन्यात ईपीएफओचं पासबुक उघडून तुमचा आणि कंपनीचा हिस्सा जमा झाला का ते बघा. स्लिपवर कपात दिसते आणि पासबुकात रक्कम दिसत नाही, असं असेल तर त्याच आठवड्यात एचआरला ई-मेलने लिहा. ऑफर लेटर, स्लिपा, पडताळणीचे ई-मेल हे सगळं ऑफिसच्या लॅपटॉपवर न ठेवता स्वतःच्या खात्यात साठवा. नोकरी सोडताना लॅपटॉप त्याच संध्याकाळी बंद होतो.